मदत हवी आहे: डॅन्यूबचा उगम दाखवायला नेमकं कुठे न्यावं?

आई-बाबा सप्टेंबरमध्ये श्टुटगार्टला येताहेत. बाबांची नर्मदा परिक्रमा झाली आहे, त्यामुळे नदी म्हटली की आधी उगम, बाकीचं नंतर. डॅन्यूब इथून जवळच उगम पावते असं फोनवर बोलून गेलो आणि बेत ठरलासुद्धा.

डोनाउएशिंगेनला फ्युर्स्टेनबर्ग राजवाड्याशेजारी कठडा घातलेलं गोल कुंड आहे. वर संगमरवरी मूर्ती: 'बार' नावाची आई (बार म्हणजे तिथला पठारी मुलूख) लेकीला, म्हणजे डॅन्यूबला, पूर्वेची वाट दाखवते आहे. आईला हे नक्की आवडेल. बाबा मात्र विचारणार, पाणी पुढे जातं कुठे? तर ते जमिनीखालून थोडं जाऊन शेजारच्या ब्रिगाख नदीत पडतं! ब्रिगाख आणि ब्रेगचा संगम गावाबाहेर, आणि डॅन्यूब हे नाव तिथून पुढे.

बाबांचा हिशोब सरळ आहे: सगळ्यात लांबून येणारं पाणी तोच उगम. म्हणजे ब्रेग. ती फुर्टवांगेनच्या वर, मार्टिन्सकापेलेजवळ १०७८ मीटरवर निघते. एल्झ नदीचा उगमही तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर, पण ते पाणी ऱ्हाइनला जातं. मलाही हीच जागा पटते, पण फुर्टवांगेनला रेल्वे नाही. ट्रिबर्गला उतरून बसने गेलो तर झऱ्यापर्यंत शेवटचा टप्पा कसा गाठायचा? आईला चढ झेपत नाही. गाडी भाड्याने घेणंच बरं का?

दुसरं, इमेंडिंगेन. तिथे डॅन्यूबचं पाणी चुनखडीच्या भेगांत मुरतं आणि उन्हाळ्यात पात्र चक्क कोरडं पडतं. ते साधारण १२ किलोमीटरवर आख गावच्या कुंडात उसळून वर येतं आणि बोडनझे तलावातून ऱ्हाइनला मिळतं. १८७७ मध्ये पाण्यात मीठ आणि रंग सोडून हे सिद्ध केलं होतं. अडीचेक दिवसांनी आखचं पाणी झगझगीत हिरवं झालं. बाबांना कोरड्या पात्रातून चालवायची फार इच्छा आहे. सप्टेंबरच्या मध्याला कुणी गेलं आहे का? पाऊस झाला असेल तर पात्र भरलेलं असतं, असं ऐकतो. निघण्याआधी पाण्याची पातळी कुठे बघता येते?

आणि इमेंडिंगेन-आख एका दिवसात, आईला न दमवता, होईल ना? जेवणाच्या वेळा पाळाव्या लागतात, तेवढं धरून सांगा.