दाढ काढल्यानंतरचे दिवस : खान्देशकरांनो, आपले अनुभव लिहा

दाढ काढायची म्हटली की सगळे सुईलाच घाबरतात. भूल नीट चढली की काढताना दुखत नाही. दाब जाणवतो, हाडात करकर ऐकू येते, जबडा अवघडतो. खरं दुखणं घरी आल्यावर सुरू होतं आणि त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. ‘काढली ना एकदाची, मिटलं’ एवढ्यावर विषय संपतो. मग तिसऱ्या रात्री एखादा कान धरून बसलेला असतो आणि हे नेहमीचं की वेगळं, हेच त्याला कळत नसतं. तेवढ्यासाठी हा धागा. कोणती दाढ होती, ठणका कधी उतरला, काय खाल्लं, परत डॉक्टरांकडे जावं लागलं का, जे आठवेल ते लिहा. गोळ्यांची नावं लिहिली तरी चालतील. किती घ्यायच्या ते ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं.

सुरुवात माझ्यापासून. जळगाव, ऐन मे महिना, खालची आडवी अक्कलदाढ. हिरडी कापून, थोडं हाड घासून, दाढेचे तुकडे करून काढली, वर टाके घातले. पहिल्या दिवशी गालाला बाहेरून बर्फ लावला: दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ काढायचा. तरी दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली पाहून घरचे घाबरले. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, सूज दोन-तीन दिवस वाढते आणि मग उतरू लागते. तसंच झालं. तोंड जेमतेम बोटभर उघडायचं. रावेरची केळी दुधात कुस्करून, गार मऊ भात आणि बिनमिरचीचं उडदाचं घुटं, एवढंच पोटात जायचं. ताक प्यायचं तेही वाटीने. स्ट्रॉने ओढलं की खड्ड्यातली रक्ताची गुठळी सुटू शकते. ती गुठळी म्हणजेच जखमेचं झाकण.

यावल, केळीबागायतदार :
खालची किडकी दाढ, सहज निघाली. दोन दिवस उतार होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जी कळ उठली ती थेट कानात, कानातून कानशिलात. गोळी घेतली की थोडा वेळ बरं, पुन्हा तेच. तोंडाला घाण वास. दवाखान्यात फोन केला तर ‘दाढ काढली म्हणजे दुखणारच’ म्हणून ठेवून दिला. मळ्यात कटाई चालू, गाडी लागलेली, आणि मला धड उभं राहवेना. भावाने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, गुठळी निघून गेलीय, आतलं हाड उघडं पडलंय, याला ड्राय सॉकेट म्हणतात. सलाईनने खड्डा धुतला आणि लवंगेच्या तेलाचं औषध लावलेली पट्टी आत बसवली. थोड्याच वेळात निम्मं दुखणं गेलं. पट्टी पुढे बदलावी लागली. मी विडी-तंबाखूला शिवत नाही, सांगितलेलं सगळं पाळलं होतं, तरी झालं.

(धागाकर्ती) भाऊ, एवढं सविस्तर लिहिलंत, फार बरं केलंत. दुखणं रोज थोडं थोडं कमी होत जायला हवं. कमी होऊन पुन्हा उसळलं तर सोसत बसायचं नाही, आणि ‘दुखणारच’ हे उत्तर घेऊन परतायचं नाही. साधी दाढ काढल्यावर शंभरात दोन ते पाच जणांना ड्राय सॉकेट होतं असं मानतात. खालच्या अक्कलदाढेत त्याहून बरंच जास्त. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना धोका अधिक. पण भाऊंसारखं काहीही कारण नसताना होतं, तेव्हा ‘तूच काहीतरी केलं असशील’ असं पेशंटला म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

चाळीसगाव :
वरची दाढ, आधीच हलत होती. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. पुढच्या आठवड्यात शेवभाजी खाल्ली, तीही झणझणीत. काहीही त्रास झाला नाही. घाबरणाऱ्यांसाठी हेही लिहावंसं वाटलं.

अमळनेर, सून :
सासूबाईंना साखर आहे आणि हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दाढ काढायची ठरली तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, गोळी आठ दिवस बंद करा. आम्ही तसं केलं नाही. दाताच्या डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. ते म्हणाले, गोळी अजिबात थांबवू नका, ती थांबवण्याचा धोका रक्त येण्यापेक्षा मोठा आहे. साखर तपासली, सकाळची वेळ घेतली, नेहमीचं खाऊन आणि नेहमीचं औषध घेऊन गेलो. खड्ड्यात रक्त थांबवणारा स्पंज ठेवून टाके घातले आणि बोळा जास्त वेळ दाबून धरायला लावला. दुसऱ्या दिवसापर्यंत लाळ गुलाबी येत होती. जखम भरायला वेळ लागला, पण नीट भरली. कानबाईच्या सणाला त्यांनी रोट दुसऱ्या बाजूने चावून खाल्ले, त्याचाच त्यांना मोठा आनंद.

धुळे, डेंटलची इंटर्न :
रोज सांगावं लागतं ते इथे लिहिते. बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून ठेवा, सारखा काढून पाहू नका. पहिले चोवीस तास चूळ भरू नका, थुंकू नका, लाळ गिळा. थोडं रक्त लाळेत मिसळलं की खूप दिसतं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात हलकेच घोळवून सोडून द्या, जोराने खळखळ नको. काही दिवसांनी खड्ड्यात पांढरा-पिवळा थर दिसतो, तो बहुतेक वेळा पू नसतो, जखम भरत असते. काडीने कोरू नका.
दाढेशेजारी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवून आलेले पेशंट दिसतात. ती गिळायची गोळी आहे. हिरडीवर ठेवली की तिथली कातडी जळून पांढरी पडते. तंबाखू, तपकीर यांचंही तेच, जखमेवर तर मुळीच नको.
मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते गुटखा खाणाऱ्या तरुण पोरांचं. महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी सुपारीने गाल आतून ताठ होऊन तोंड दोन बोटंही न उघडणारे पेशंट येतात. मागची दाढ काढायची तर तिथवर हातच पोहोचत नाही.

शहादा, आई :
मुलाची दुधाची दाढ काढली. ओठ बधिर होता, गंमत वाटून तो चावत राहिला. संध्याकाळी ओठ सुजून वर पांढरं. सासूबाई घाबरल्या, ‘पू व्हई गया वं माय.’ डॉक्टरांनी पाहून सांगितलं, पू नाही, चावल्याची जखम आहे, आपोआप भरेल. भरलीच. पण भूल उतरेपर्यंत, म्हणजे दोन-चार तास, मुलाला खायला देऊ नये आणि त्याच्यावर नजर ठेवावी, हे निघतानाच सांगायला हवं.

भुसावळ, रेल्वे :
वरची मागची दाढ काढली आणि पाणी प्यायलो की नाकातून यायला लागलं. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या पोकळीला अगदी लागून असतात, तिथे भोक पडलं होतं. टाके घालून बंद केलं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवूनच. जड गेलं, पण भरून आलं.

शिरपूर :
खालची अक्कलदाढ. भूल उतरली, पण अर्धा ओठ आणि हनुवटी बधिरच राहिली. खालच्या जबड्यातून जाणारी नस दाढेच्या मुळाला चिकटलेली होती. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून हे आधी सांगितलं होतं, म्हणून त्यांच्यावर राग नाही. पण चहा ओठावर ओघळला तरी कळायचं नाही, चारचौघांत बसणं मी टाळत असे. काही महिन्यांनी मुंग्या यायला लागल्या आणि हळूहळू जाण परतली. ज्यांना असं झालंय त्यांनी मला जरूर विचारा.

अक्कलकुवा, आशा कार्यकर्ती :
आमच्याकडे पाड्यावरून दवाखाना लांब, गाडी मिळेलच असं नाही, म्हणून लोक वाट पाहतात. ताप, जबड्याखाली कडक सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, यातलं काही दिसलं तर सकाळ होण्याची वाट पाहू नका, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या. दाढेचा जंतुसंसर्ग गळ्यात उतरला की जीव जातो. लांबून येणाऱ्यांनी शक्यतो सकाळी दाढ काढावी आणि रक्त थांबल्याचं पाहूनच गाडीत बसावं.

चोपडा :
ताई, खड्डा पूर्ण भरायला किती वेळ लागतो? नवा दात बसवायचा आहे.

(धुळे, इंटर्न) दादा, वरून हिरडी मिटायला साधारण तीन-चार आठवडे, आत हाड भरायला तीन ते सहा महिने. पण म्हणून वर्षानुवर्षं थांबू नका. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात आणि समोरची दाढ त्या जागेत उतरते.

(धागाकर्ती) हाडं ठिसूळ झाल्यामुळे इंजेक्शन किंवा गोळ्या घेणाऱ्या कुणाचा अनुभव अजून आलेला नाही. त्यातल्या काही औषधांमुळे दाढ काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला अडचण येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. कुणाच्या आईचं, आत्याचं असं झालं असेल तर नक्की लिहा.