पोकेमॉन युरेनियम : क्युरीचा मुखवटा आणि अणुभट्टीत पाठवलेलं पोर (कथेचा शेवट उघड केला आहे)

निशाचर_पुणे

ज्यांना हा गेम अजून खेळायचा आहे त्यांनी इथूनच मागे फिरावं, कारण शेवटाबद्दल बोलल्याशिवाय माझा प्रश्न मांडता येत नाही.

भाच्याने लॅपटॉपवर टाकून दिला म्हणून 'पोकेमॉन युरेनियम' खेळलो. पोकेमॉन म्हणजे निन्टेंडोच्या गेममधले पाळायचे आणि लढवायचे काल्पनिक प्राणी, पण हा निन्टेंडोचा गेम नाही. चाहत्यांनी आरपीजी मेकर एक्सपी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर नऊ वर्षं खपून तो बनवला आणि ऑगस्ट २०१६मध्ये फुकट सोडला. पंधरा लाखांच्या आसपास डाऊनलोड झाले, निन्टेंडोच्या वकिलांच्या नोटिसा निघाल्या आणि निर्मात्यांनी आपल्या साइटवरून लिंक काढून टाकल्या. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये चाहत्यांच्या गेमच्या गटात त्याला नामांकन होतं, तेही मागे घेतलं गेलं.

कथा टँडोर नावाच्या बेटांवर घडते. दहा वर्षांपूर्वी अणुवीज केंद्रात अपघात होतो आणि आपल्या नायकाची आई ल्युसिल बेपत्ता होते. बाप केलिन रेंजर आहे, म्हणजे पोकेमॉनची राखण करणारा. तो पोराला आँटीकडे ठेवतो आणि स्वतःला कामात गाडून घेतो. पोर मोठं होतं, पहिला पोकेमॉन घेऊन बाहेर पडतं, तोच केंद्रं पुन्हा एकामागून एक बिघडायला लागतात. त्यामागे क्युरी नावाची मुखवटा घातलेली व्यक्ती असते, तिच्यासोबत युरेन नावाचा किरणोत्सर्गी पोकेमॉन. शेवटी कळतं की मुखवट्यामागे आईच आहे.

मला विचारायचंय ते असं. क्युरी ही आईच निघणं हा केवळ शेवटचा धक्का आहे, की गेम पहिल्यापासून हेच सुचवत होता? दुसरं म्हणजे, सगळं संपल्यावर मला समाधान वाटलंच नाही. पोर जिंकलं, पण काहीतरी फार चुकीचं घडून गेलं आणि कोणी त्याबद्दल बोललंच नाही असं वाटत राहिलं. ते नेमकं काय आहे?

रानवाट

माझं मन क्युरीपेक्षा त्या हिरव्या पोकेमॉनमध्ये अडकलं. साधे, ओळखीचे पोकेमॉन किरणोत्सर्गाने बदलतात, अंग हिरवं चमकतं आणि दिसेल त्याच्यावर तुटून पडतात. गेम त्यांना शत्रू म्हणून पुढ्यात आणतो आणि आपण सरावाने हाणतो.

चेर्नोबिलचा अपघात २६ एप्रिल १९८६चा. दुसऱ्या दिवशी प्रिप्यात शहर रिकामं केलं तेव्हा लोकांना तीन दिवसांची सोय घेऊन निघायला सांगितलं होतं, कुत्री-मांजरं मागे ठेवायला लावली. नंतर ती गोळ्या घालून मारायला पथकं पाठवली गेली. फुकुशिमातही मे २०११मध्ये वीस किलोमीटरच्या पट्ट्यातली गुरं मारण्याचा आदेश निघाला. काही शेतकऱ्यांनी तो मानला नाही, जी गाय आता विकता येणार नाही तिला वैरण घालत राहिले. हे ठाऊक असताना त्या हिरव्या पोकेमॉनवर हल्ल्याचं बटण दाबायला माझा हात उचलत नव्हता. त्यांनी काय केलं होतं? जिथे जन्मले तिथेच राहत होते.

मुक्ता_बोईसर

निशाचर, तुमच्या दोन्ही प्रश्नांवर मी बराच विचार केलेला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्याचं उत्तर: हो, पहिल्यापासून सुचवत होता, पण संवादांत शोधू नका, टाइप-चार्ट उघडा, म्हणजे कोणत्या जातीच्या (टाइपच्या) पोकेमॉनचा हल्ला कोणाला किती लागतो त्याचा तक्ता. या गेममधला न्यूक्लिअर टाइप जवळजवळ सगळ्यांवर सुपर इफेक्टिव्ह आहे, म्हणजे त्याचा हल्ला त्यांना दुप्पट लागतो. त्याला अडवतात फक्त स्टील आणि स्वतः न्यूक्लिअर. आता उलट बाजू बघा. न्यूक्लिअर सोडून बाकी प्रत्येक टाइपचा हल्ला न्यूक्लिअर पोकेमॉनला दुप्पट लागतो. सगळ्यांना जाळणारा आणि सगळ्यांपुढे उघडा. ल्युसिलची अख्खी गोष्ट या एका तक्त्यात आहे. ती ज्यांच्याजवळ जाईल त्यांना इजा करणार, आणि तिला स्वतःला आसरा मिळणार तो केवळ युरेनजवळ. नवरा आणि मूल या दोघांना त्या तक्त्यात जागाच उरत नाही. एवढी नेमकी गोष्ट पोकेमॉनच्या नियमांतून सांगितलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

मग ते नाव. किरणोत्सर्गावर संशोधन करणाऱ्या मेरी क्युरी १९३४मध्ये अप्लास्टिक अॅनिमियाने (शरीरात पुरेसं रक्त न बनण्याच्या आजाराने) गेल्या, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यांच्या वह्या पॅरिसमध्ये आजही शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात. पण हा गेम खेळताना आठवायला हवी ती त्यांची मुलगी इरेन. पहिल्या महायुद्धात एक्स-रेच्या गाड्या घेऊन मेरी आघाडीवर गेल्या तेव्हा इरेन ऐन सतरा-अठरा वर्षांची, आईबरोबर तेच काम करत होती. पुढे १९३५मध्ये तिला आणि तिच्या नवऱ्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि १९५६मध्ये ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. आईने ज्या वाटेवर प्राण गमावले त्याच वाटेवर मूल चालत गेलं. निर्मात्यांनी इरेनचा विचार केला होता की नाही याने मला फरक पडत नाही. खलनायिकेला क्युरी म्हटलं आणि तिच्या पोटच्या पोराला अणुभट्टीत उतरवलं की इरेन त्या गोष्टीत येतेच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा हाच. आमचं बालपण तारापूरच्या वसाहतीत गेलं. बाबा केंद्रात ऑपरेशन्सला होते. तारापूर १९६९पासून चालू आहे, देशातलं पहिलं. बाबांना टीएलडी बॅज असायचा, म्हणजे अंगाला किती डोस लागला ते मोजणारा बिल्ला. तो घरी आणायचा नसतो, पाळी संपली की रॅकवर लावून यायचा. आई बाबांना जेवण वाढताना कधीतरी सहज विचारायची, ‘या वेळचं रीडिंग आलं का हो?’ आमच्या घरात ते वीजबिलाइतकं साधं वाक्य होतं. मोठी झाल्यावर कळलं की तो प्रश्न विचारता येणं हीच केवढी मोठी गोष्ट होती.

आणि या गेममध्ये एक अल्पवयीन मूल संरक्षक सूट चढवून बिघडलेल्या प्लांट एप्सिलॉनमध्ये शिरतं. पोकेमॉनमध्ये ट्रेनरला, म्हणजे पोकेमॉन लढवणाऱ्या मुलाला, एचपी (किती जीव उरला ते दाखवणारा आकडा) नसतो. आकडे पोकेमॉनचे, लेव्हल पोकेमॉनची, दुखापत पोकेमॉनची, आणि ती सेंटरमध्ये, म्हणजे पोकेमॉनच्या दवाखान्यात, क्षणात भरून येते. मुलाच्या शरीराचा हिशेब ठेवायला पडद्यावर कोपराच नाही. नेहमीच्या पोकेमॉनमध्ये हे खटकत नाही, कारण तिथे पोर जंगलात जातं, गवतात फिरतं. इथे ते जातंय तिथे डोस साचत जातो आणि सेंटरमध्ये उतरत नाही. म्हणजे रोल-प्लेइंग गेमची जुनी रीत तीच राहिली, ‘लहान मूल जाईल आणि सगळ्यांना वाचवेल’, आणि जागा बदलल्यामुळे तीच रीत भयंकर झाली. प्रोफेसर, बाप, रेंजर, सगळी भली माणसं आहेत, आणि या सगळ्यांच्या देखत ते मूल आत जातं. तुम्हाला खुपलं ते हेच असणार.

वीजवाला

मुक्ताताई, इरेनचा मुद्दा पटला. पण एक आक्षेप नोंदवतो. मी स्वतः वीज केंद्रात काम करतो, कोळशाच्या. हिरवी चमक, वेडं झालेलं जनावर, हे चित्र मुलांच्या मनात बसलं की अणुवीज म्हणजे भूतबंगला होऊन बसतो. ती हिरवी चमक रेडियमच्या रंगाची. शंभर वर्षांपूर्वी घड्याळांच्या तबकड्यांवर तो लावायचे, आणि अमेरिकेतल्या कारखान्यांत कामगार मुली ब्रशचं टोक ओठांनी सरळ करायच्या, त्यात कित्येकींचे जबडे सडले, जीव गेले. तीसुद्धा चमक झिंक सल्फाइडची, रेडियम फक्त त्याला पेटवायचं. खरा किरणोत्सर्ग दिसत नाही, वास येत नाही. गेमने दिसणारी भीती दाखवून न दिसणारी झाकली, असं माझं मत.

शिवाय ल्युसिल शास्त्रज्ञ होती आणि शेवटी तीच राक्षसीण. शिकलेली बाई, तिचं काम आणि त्यातून आलेला सर्वनाश, ही जुनीच गोष्ट झाली. मला दोन मुली आहेत, दोघींना विज्ञानाची ओढ आहे. मला ते टोचतं.

मुक्ता_बोईसर

वीजवाले दादा, ल्युसिलबद्दलचं टोचणं रास्त आहे आणि मी ते खोडणार नाही. तिने मुखवटा घालण्याआधीची ल्युसिल, तिचं काम, तिने कशाची काळजी घेतली आणि कोणी दुर्लक्ष केलं, याला कथेत आणखी जागा हवी होती. आत्ता जी आहे तिच्यात आई हरवण्याचं दुःख मोठं आहे आणि तिची बुद्धी लहान.

भीतीबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं. मी अणुवीज केंद्राच्या भिंतीलगत वाढले, मला त्याची भुतासारखी भीती कधीच वाटली नाही. भीती वाटली नाही कारण मोजमाप होतं. आमच्याकडे कोण किती वेळ आत होतं ते लिहिलं जायचं. टँडोरमध्ये ते नाही, म्हणून ती जागा भयाण वाटते. तुम्ही म्हणता ती न दिसणारी गोष्ट दाखवणं या गेमला जमलं असतं. सूट घातलेल्या त्या मुलाच्या छातीवर एक बॅज काढायचा, आणि बाहेर आल्यावर कोणीतरी तो हातात घेऊन वाचायचा.