मदत हवी आहे: दक्षिण ऑकलंडच्या शाळेत पासिफिका पालकांना मुलांच्या अभ्यासात कसं सामील करून घ्यावं?

रानजाई:

नमस्कार मंडळी,

मी दक्षिण ऑकलंडमध्ये एका प्राथमिक शाळेत वर्गशिक्षिका आहे. वर्गातली बहुतेक मुलं पासिफिका घरांतली, म्हणजे सामोआ, टोंगा, कुक बेटं, नियुए इथून आलेल्या कुटुंबांची. बरीचशी इथेच जन्मलेली, काहींचे तर आईवडीलही इथेच लहानाचे मोठे झालेले. २०२३ च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये पासिफिका लोक ८.९ टक्के होते, पण आमच्याकडे अख्खे वर्ग त्यांच्या मुलांनी भरलेले असतात.

पुढच्या टर्मपासून पालकांबरोबरच्या कामाची जबाबदारी मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे दिली आहे. काम मला मनापासून हवं होतं, म्हणूनच नीट करायचं आहे. इथे बरेच शिक्षक आहेत, न्यूझीलंडवासीही आहेत, म्हणून धागा काढते आहे.

अडचण अशी. शाळेत नाचगाण्याचा कार्यक्रम असला की हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आजी-आजोबा, मावश्या, चुलत भावंडं, चर्चची मंडळी, सगळे येतात. कार्यक्रमाआधी आया पहाटेपर्यंत बसून पोशाख शिवतात. पण मुलाच्या प्रगतीबद्दल बोलायला म्हणून पंधरा मिनिटांची वेळ दिली, की त्या संध्याकाळी निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. जे येतात तेही फार बोलत नाहीत. मी वाचनाची पातळी सांगते, ते मान डोलावतात, आणि शेवटी एकच प्रश्न विचारतात: "नीट वागतो ना? काही त्रास देत नाही ना?"

स्टाफरूममध्ये यावर ठरलेलं वाक्य ऐकू येतं, की या लोकांना अभ्यासाचं काही पडलेलं नाही. मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही तेही सांगते.

माझ्या वर्गात एक सामोअन मुलगा आहे. वर्गात मोठ्याने वाचायला सांगितलं की खाली बघतो, आवाज फुटत नाही. त्याला न्यायला त्याची आजी येते. एकदा तिने फाटकापाशीच मोबाइलवर मला व्हिडिओ दाखवला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्याकडे लोटु तामाइती असतो, म्हणजे चर्चमध्ये मुलांचा दिवस. मुलं नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत असतात आणि बायबलमधली वचनं पाठ म्हणतात. हा मुलगा भरल्या चर्चपुढे उभा राहून सामोअन भाषेत घडाघडा म्हणत होता, शब्दावर जोर कुठे द्यायचा, कुठे थांबायचं, सगळं जाणून. आजीने कित्येक आठवडे रोज रात्री त्याच्याकडून म्हणून घेतलं होतं. ज्या घरात हे चालतं त्या घराला शिक्षणाची फिकीर नाही असं मी कशी म्हणू? आणि त्याच्या प्रगतिपुस्तकात यातलं एक अक्षरही नाही, हे मला फार लागतं.

तर मला हवं आहे ते असं. पालकांना नुसतं बोलावून आमचं म्हणणं ऐकवायचं नाही. मुलाने काय शिकावं, कसं शिकावं, यात त्यांचं म्हणणं यायला हवं. त्यासाठी भेटी कधी आणि कुठे ठेवाव्यात? प्रगतिपुस्तक त्यांच्यापुढे कसं मांडावं? आणि त्यांची भाषा मला येत नसताना ती वर्गात कशी आणू? ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दक्षिणवारा:

रानजाई, धागा वाचून बरं वाटलं. मी बरीच वर्षं अशाच शाळेत होतो, आता निवृत्त आहे.

सगळ्यात आधी पंधरा मिनिटांच्या वेळा रद्द करा. तुमच्याकडे येणाऱ्या पालकांपैकी कितीजण रात्रपाळी करतात ते विचारून बघा. विमानतळ, गोदामं, साफसफाई, वृद्धाश्रम. संध्याकाळी साडेपाचला आई कामाला निघालेली असते आणि वडील झोपेतून उठत असतात.

ऑकलंडमधल्याच माउंट वेलिंग्टन या उपनगरातल्या सिल्व्हिया पार्क शाळेने 'मुतुकारोआ' नावाचा उपक्रम सुरू केला, त्याची माहिती जरूर मिळवा. बार्बरा अलाअलातोआ तेव्हा तिथे मुख्याध्यापिका होत्या. मूल पाच वर्षांचं होऊन शाळेत आलं की त्याच्या चाचण्या होतात आणि मग शाळेचा एक माणूस पालकांशी निवांत बसून बोलतो. त्यांना शाळेत यायला जमत नसेल तर तो घरी जातो, कामाच्या जागी जातो. या कामासाठी वेगळा माणूस नेमलेला असतो, ते वर्गशिक्षिकेच्या उरल्यासुरल्या वेळावर ढकललेलं नसतं. मूल्यमापनाचे खरे निकाल पालकांपुढे ठेवतात, काय जमतं, काय जमत नाही, आणि जे जमत नाही त्यासाठी घरी खेळायचं साहित्य त्याच वेळी हातात देतात. काही महिन्यांनी पुन्हा भेट. निकाल गोड करून सांगायचे नाहीत, हा त्यातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. आपल्या प्रगतिपुस्तकातली गुळगुळीत वाक्यं वाचून कुठल्याच आईला कळत नाही की मूल मागे आहे की पुढे. ते कळायला उशीर झाला की पालक चिडतात, आणि रास्तच चिडतात.

दुसरं म्हणजे 'रीडिंग टुगेदर' हा पालकांसाठीचा वाचन-कार्यक्रम. सव्वा-सव्वा तासाच्या चार बैठका असतात. पालकांना शिक्षक बनवणं हा हेतू नाही, घरी वाचताना मुलाची आणि आपली चिडचिड कशी टाळायची एवढंच. वाचनालयाच्या लोकांनाही त्यात सामील करून घेतात.

आणि एक गोष्ट तुमच्याच भागातली. मूल अडखळलं की लगेच शब्द सांगायचा नाही, पाच सेकंद थांबायचं, मग सुचवायचं, जमलं की शाबासकी द्यायची, ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेड ग्लिन, स्टुअर्ट मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांगेरेमधल्या पालकांबरोबर काम करूनच बसवली. पुढे ती जगभर गेली. म्हणजे दक्षिण ऑकलंडच्या घरांत अभ्यास होऊ शकतो हे सिद्ध होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली. स्टाफरूममध्ये हे जरूर सांगा.

पिंपळपान:

वेलिंग्टनहून लिहितोय. थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. आपणही परदेशात आलो, आपणही दोन-दोन नोकऱ्या केल्या, तरी मुलांचा अभ्यास घेतोच ना? शाळेने दारोदार फिरावं असं का? पालकांची काही जबाबदारी आहे की नाही?

रानजाई:

पिंपळपान, राग नाही, हा प्रश्न मला मराठी मित्रमंडळींत नेहमी ऐकावा लागतो, म्हणून मोकळेपणाने उत्तर देते. आपल्यापैकी बहुतेकजण पदवी घेऊन, कौशल्याच्या व्हिसावर आलो. आपल्याला शाळेची भाषा आधीच येत होती. पासिफिका लोकांना १९५० ते ७० च्या दशकांत कारखान्यांत माणसं कमी पडत होती म्हणून इथे येऊ दिलं, आणि मंदी आली तसं तेच लोक नकोसे झाले. आपल्याशी त्यांची तुलना केली की दोघांवरही अन्याय होतो. जबाबदारी आहेच, आणि ते ती घेतातही. फक्त शाळा ती ओळखत नाही.

शिक्षण मिनिस्ट्रीच्या २०२० च्या पासिफिका शिक्षण कृती आराखड्यातही पहिला मुद्दा समाजाबरोबर देवाणघेवाणीने काम करण्याचा आहे आणि दुसरा शिक्षणव्यवस्थेतल्या वर्णभेदाला सामोरं जाण्याचा. दारोदार फिरणं हे उपकार नाहीत, आमचं कामच आहे.

सागरगोटा:

रानजाई ताई, माझं सासर सामोअन आहे, म्हणून थोडं घरातून लिहिते.

"नीट वागतो ना?" हा प्रश्न साधा नाही. माझ्या सासूबाईंच्या मते मुलाला वळण लावणं घराचं काम आणि वाचायला शिकवणं शिक्षकाचं. शिक्षकाच्या कामात नाक खुपसणं म्हणजे त्याचा अपमान. त्यामुळे ते आपल्या वाट्याच्या कामाचा हिशेब तुमच्याकडे मागतात. त्याचं उत्तर आधी नीट द्या, एखादं उदाहरण देऊन, मग वाचनाकडे वळा. आणि तुम्हाला त्यांचं मत हवंय हे शब्दांत सांगा, नाहीतर ते गप्पच राहतील. मुलं खाली बघतात तेही त्यातलंच, मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही हे घरी शिकवलेलं असतं. आपल्याकडच्या आज्या वेगळं काय सांगायच्या?

शाळेच्या छापील पत्रावर भिस्त ठेवू नका. १९७४ ते ७६ च्या काळात पोलिस पहाटे घरांत घुसून व्हिसा संपलेल्यांना शोधायचे, डॉन रेड्स म्हणतात त्याला. १ ऑगस्ट २०२१ ला तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सरकारतर्फे माफी मागितली, तेव्हा आमच्या घरी टीव्हीसमोर मोठी माणसं रडत होती. त्या पिढीतले लोक आज आजी-आजोबा आहेत आणि मुलांना शाळेत आणणारे बहुधा तेच आहेत. सरकारी शिक्क्याचा लिफाफा आला की पोटात गोळा येतो. त्यापेक्षा फोन करा, मेसेंजरवर आवाजी निरोप पाठवा, फाटकापाशी बोला. आणि पहिला निरोप चांगल्या बातमीचा असू द्या.

बैठक रविवारी ठेवू नका, तो चर्चचा आणि एकत्र जेवणाचा दिवस. सुरुवात प्रार्थनेने होऊ द्या. सरकारी शाळेत ते कसं बसवायचं हे मुख्याध्यापिकांशी बोलून ठरवा, पण ती एखाद्या वडीलधाऱ्या पालकाला करू द्या. जेवण हवंच. लहान भावंडांना येऊ द्या, आणि दोनच खुर्च्या मांडू नका. मुलाचा निर्णय आत्या किंवा आजोबाही घेत असतात.

नावं नीट उच्चारा. सामोअनमध्ये जे इंग्रजी अक्षर 'जी' लिहितात ते 'ङ' आहे. वाङ्मयातला ङ. आपल्याला तो मुळातच येतो, इंग्रजी शिक्षकांची तिथे फसगत होते. मुलाचं नाव बरोबर उच्चारलेलं ऐकलं की आजीचा चेहरा बघा.

कागदी होडी:

मी वाचनालयात काम करते. घरच्या भाषेबद्दल: 'रेडी टू रीड' मालिकेतली पुस्तकं इंग्रजीसोबत सामोअन, टोंगन, कुक बेटांची माओरी, नियुएयन आणि टोकेलाऊअन अशा पाच भाषांत मिनिस्ट्रीने काढली आहेत, लहान वर्गांसाठी. तुम्हाला भाषा यायची गरज नाही. आजीला वर्गात बोलवा, ती सामोअन वाचेल, मुलगा त्याचंच इंग्रजी. तो मुलगा कदाचित तिथेच पहिल्यांदा वर्गात मोठ्याने वाचेल. पासिफिका मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठीचा 'तापासा' हा २०१८ चा आराखडाही शाळेत पडून असेल, तो काढून सगळ्यांनी मिळून वाचा, एकट्याने वाचून उपयोग नाही.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मुख्याध्यापिकांशी बोलले. ठरलं ते असं: पहिली भेट शनिवारी सकाळी, रात्रपाळीवाल्यांसाठी एक शाळा सुटायच्या वेळी, आणि ज्यांना दोन्ही जमणार नाहीत त्यांच्याकडे मी जाणार. त्यासाठी आठवड्यातली एक दुपार मला वर्गातून मोकळी मिळते आहे, ही मोठीच गोष्ट. प्रत्येक भेटीत आधी घरच्यांनी बोलायचं: हे मूल घरी, चर्चमध्ये काय काय करतं. ते मी लिहून घेणार आणि प्रगतिपुस्तकात त्याला जागा देणार. पुस्तकवाचनासाठी आजीला विचारलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या की चर्चमधल्या आणखी दोघीजणींना घेऊन येते.

एक प्रश्न उरला. टोंगन बोलणारं आमच्या कर्मचाऱ्यांत कुणीच नाही. एका घरात आईला इंग्रजी जेमतेम येतं आणि आतापर्यंत मोठी मुलगी दुभाषाचं काम करत आली आहे. ते तसंच चालू ठेवावं का?

सागरगोटा:

नको ताई. धाकट्याचं प्रगतिपुस्तक मोठ्या बहिणीने आईला समजावून सांगायचं म्हणजे तिच्यावर भलतंच ओझं. अवघड वाक्य आलं की ती मऊ करून सांगणार, आणि आईलाही मुलीसमोर मनातली शंका विचारता येणार नाही. आधी त्या आईलाच विचारा की कोणासमोर बोलायला बरं वाटेल. चर्चमधला माणूस सुचवला तरी तिच्या होकाराशिवाय आणू नका, घरची गोष्ट मंडळीत पसरेल ही भीती असते. कोणीच नको म्हणाली तर शाळेला फोनवरचा दुभाषी घ्यायला सांगा.

रानजाई:

पटलं. उद्याच त्या आईंना गाठते, धाकट्याला शाळेत सोडायला येतात तेव्हा. टोंगन समाजात काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.