नैराश्यावरील गोळीने मन सावरले, पण आईची झोप मोडली: मार्गदर्शन हवे आहे

माझी आई ६१ वर्षांची आहे. बाबा गेल्यानंतर तिला नैराश्याने घेरले, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम सुरू केले; पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम आणि नंतर १०. आज सात आठवडे झाले. ती पुन्हा नीट जेवते, पूजा स्वतः करते, शेजारच्या काकूंशी दारात उभी राहून बोलते, आणि हे पाहून आम्हाला किती हायसे वाटते ते शब्दांत सांगता येत नाही.

झोप मात्र मोडली आहे. परवा पहाटे तीन वाजता उठून पाहिले, तर स्वयंपाकघरात दिवा लावून ती मेथीची जुडी निवडत बसली होती. झोपेत ती दात खाते, आणि स्वप्ने इतकी ठसठशीत पडतात की बाबा काय म्हणाले ते सकाळी शब्दन् शब्द सांगते.

डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार एस्सिटालोप्रामच्या गटातील औषधांमुळे झोपेतला स्वप्नांचा टप्पा उशिरा येतो व आखडतो, झोप तुटक होते, आणि मध्येच जाग आल्याने स्वप्न लक्षात राहते. परंतु पहाटेची जाग हे नैराश्याचेही लक्षण आहे, आणि आजार भरात असताना आई चार वाजताच उठून रडत बसायची. आता ती रडत नाही, नुसती जागी असते. मग ही जाग उरलेल्या आजाराची समजायची की गोळीची, हे मला कळत नाही.

डॉक्टरांनी रात्रीची गोळी सकाळच्या नाश्त्यानंतर घ्यायला सांगितल्यापासून झोप लवकर लागते, पण पहाटेची जाग टळलेली नाही. आता रात्री मिर्टाझापिन हे नैराश्यावरचेच दुसरे औषध ७.५ मिलिग्रॅम जोडण्याचा त्यांचा विचार आहे. त्याने झोप येते, तशी भूक व वजनही वाढते, आणि आईला मधुमेह आहे. ती तर "गोळीच बंद करते" म्हणते. एकदम थांबवल्यास चक्कर येते व स्वप्ने आणखी उसळतात, हे सांगून मी तिला कसेबसे थांबवले आहे.

मधुमेह असताना कोणी मिर्टाझापिन घेतले असल्यास साखर कशी राहिली, आणि एस्सिटालोप्रामवर झोप आपोआप सुधारली असल्यास किती आठवडे लागले, ते कृपया कळवावे. शनिवारी पुढची भेट आहे; तेव्हा डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हेही जाणकारांनी सुचवावे.