पाळणाघर, पोटगी आणि वेगळे राहणारे आई-बाप : खर्च कसा वाटून घ्यायचा? (अनुभव धागा)

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात आई एका राज्यात आणि वडील दुसऱ्या राज्यात, असं बऱ्याच घरांत असतं. नातं तुटलं तरी मुलाला सकाळी नऊला कुठेतरी सोडावं लागतं आणि त्याचे पैसे कुणालातरी भरावे लागतात. या कामाची ज्यांना जवळून माहिती आहे त्यांनी इथं लिहा: आकडे, कागद, तारखा, कुठे अडतं आणि का. कुणाचं नाव, केस नंबर, घरातली भांडणं नकोत. नवीन माणसाला उद्या सकाळी उपयोगी पडेल एवढंच लिहा.

कोर्टकचेरी, खानापूर

आधी अर्ज कुठे करायचा ते. नवरा कोल्हापूरला किंवा पुण्याला असला म्हणून तिकडे खेटे घालायची गरज नाही. पत्नी जिथे राहते तिथेही पोटगीचा अर्ज चालतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. धर्म कुठलाही असो, हे कलम सगळ्यांना लागू आहे. फॅमिली कोर्टाची हद्द असेल तर तिथे, नसेल तर तालुक्याच्या जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचा दावा चालू असेल तर त्यातच कलम २६ खाली मुलाचा ताबा, शिक्षण आणि खर्च मागता येतो. दोन्हीकडे अंतरिम रकमेच्या अर्जाचा निकाल नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत द्यावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात ते ६० दिवस नोटीस लागण्यातच अडतात. म्हणून वडिलांचा राहता पत्ता आणि कामाच्या जागेचा पत्ता, दोन्ही अर्जात द्या.

दोन ठिकाणी अर्ज केले असतील तर दोन्हीकडे दुसऱ्याचा उल्लेख करा. रक्कम एकमेकांत वळती होते. लपवलेलं उघडकीस आलं की मुलाच्या खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडतो.

सुप्रीम कोर्टाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात मिळकत आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंना सक्तीचं केलं. त्यात मुलाच्या खर्चाचा रकाना असतो. तिथे नुसतं "मुलाचा खर्च १२ हजार" लिहू नका. पाळणाघर, शाळा, रिक्षा, डॉक्टर, दूध, कपडे वेगवेगळे मांडा. पाळणाघराची ओळ वेगळी नसेल तर पुढे वडील म्हणतात, "मी देतोय त्या पोटगीतच ते आलं." आणि आदेशात वेगळं लिहिलेलं नसलं की त्यांचं म्हणणं खोडायला जड जातं.

हिशेबनीस, शहापूर

"निम्मं-निम्मं" ऐकायला बरं वाटतं, पण मिळकत सारखी नसेल तर तो न्याय नव्हे. हातात पडणाऱ्या पगाराच्या प्रमाणात वाटा काढा. त्याच २०२० च्या निकालात, आई पुरेसं कमावत असेल तर शिक्षणाचा खर्च दोघांत प्रमाणात वाटता येतो असं म्हटलंय. पाळणाघराला तीच रीत लावावी.

समजा वडिलांचे हातात ३६,००० आणि आईचे १४,००० येतात. एकूण ५०,०००. म्हणजे ७२ आणि २८ टक्के. पाळणाघर ५,००० असेल तर वडील ३,६०० आणि आई १,४००. हेच निम्मं-निम्मं केलं तर दोघांना २,५०० पडतात. वडिलांच्या पगाराचे जेमतेम ७ टक्के, आईच्या पगाराचे जवळपास १८.

हातातला पगार काढताना पीएफ, व्यवसाय कर, आयकर वजा धरा. पण सोसायटीचं कर्ज, गाडीचा हप्ता, भिशी वजा करू नका, ती स्वतःहून उचललेली देणी आहेत. उद्यमबाग, मच्छेकडच्या फाउंड्रीत ओव्हरटाइममुळे पगार दर महिन्याला हलतो. तिथे एक स्लिप न घेता सहा महिन्यांच्या स्लिपांची सरासरी घ्या, बोनस बारा महिन्यांत वाटून मिळवा.

एक युक्तिवाद हमखास येतो: "नोकरी सोड, म्हणजे पाळणाघर लागणार नाही." वरच्याच आकड्यांत बसवून पाहा. नोकरी सुटली तर आईचे १४,००० गेले आणि मुलाचा सगळाच खर्च वडिलांवर आला. पाळणाघर हा आईचा शौक नाही, त्याच्या जोरावर घरात दुसरा पगार येतो. हे कोर्टात आकड्यांनीच मांडा, त्यावर वाद कमी होतो.

पाळणाघर चालवणारी, अनगोळ

फी म्हणजे एकच आकडा नसतो हे आई-बाप दोघांनाही आधी समजायला हवं. भरतीच्या वेळची रक्कम, एका महिन्याचं डिपॉझिट, महिन्याची फी, जेवण वेगळं असेल तर ते, ठरल्या वेळेनंतर थांबलं तर तासाचे जादा पैसे आणि सुट्टीत पूर्ण दिवस ठेवायचे वेगळे. वाटणी ठरवताना या प्रत्येकाचं काय ते लिहून घ्या. भांडण बहुतेक वेळा जादा तासांवरून होतं. माझं मत विचाराल तर कामावरून यायला उशीर झाला तर तो खर्च दोघांचा. घ्यायला यायची पाळी ठरलेली असून आला नाही, तर ज्याची पाळी त्याचा.

मूल चार दिवस आजारी राहिलं तरी फी कापली जात नाही. बाईंचा पगार आणि जागेचं भाडं चालूच असतं. "आला नाही तर पैसे कशाचे" हा वाद मग आईच्या डोक्यावर येतो. म्हणून आमचं नियमाचं पत्रक दोघांच्याही सहीने घेतलेलं बरं.

पावती मागायला लाजू नका. तिच्यावर मुलाचं नाव, महिना, तास, रक्कम, कुणी भरली आणि चालकाची सही हवी. वहीच्या कागदावर "मिळाले" एवढंच लिहिलेलं पुढे काही उपयोगाला येत नाही. आणि मुलाला कोण नेऊ शकतं त्याची फोटोसह यादी आमच्याकडे द्या. फी वडील भरतात म्हणून न्यायचा हक्क आपोआप मिळत नाही, आणि फी थकली म्हणून तो जातही नाही. हे दोन विषय एकमेकांत मिसळले की दारात मुलासमोर ओढाताण होते, ती बघवत नाही.

कोर्टकचेरी, खानापूर

हिशेबनीस सरांच्या टक्केवारीत एक भर घालतो. आदेशात नुसते "७२ टक्के" लिहिले की वसुलीला अडचण येते. वॉरंट काढायला आदेशात रुपयांत ठरावीक रक्कम लिहिलेली असावी लागते, नाहीतर दर महिन्याला आधी रक्कम सिद्ध करत बसावं लागतं. म्हणून दोन्ही लिहा. साधारण असं:

"मुलाची मासिक पोटगी रुपये अमुक. याखेरीज पाळणाघरासाठी वडिलांनी दरमहा ३,६०० रुपये ५ तारखेपर्यंत द्यावेत. ही रक्कम फीच्या ७२ टक्के धरली आहे. दरवर्षी जूनमध्ये फी बदलल्यास नवीन पावती दिल्यापासून १५ दिवसांत त्याच प्रमाणात रक्कम बदलेल. मूल पूर्ण वेळ शाळेत जाऊ लागल्यावर शाळेनंतरच्या तासांची फी याच प्रमाणात वाटली जाईल."

शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसेल तर मूल पहिलीत गेलं की वडील रक्कम थांबवतात, आणि परिस्थिती बदलली म्हणून कलम १४६ खाली नव्याने अर्ज करत बसावं लागतं.

ऊसपट्टा, चिकोडी

शेतकरी बापाची मासिक मिळकत किती, यावर फार गोंधळ होतो. पगाराची स्लिप नाही म्हणजे मिळकत नाही असं नव्हे. २०२० च्या त्या निकालात शेतीवाल्यांसाठी प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुना दिलाय, तोच भरायला सांगा. जमीन कर्नाटकात असेल तर आरटीसी (तिकडचा जमिनीचा उतारा), कागल किंवा चंदगडकडे असेल तर सातबारा. सीमेवरच्या घरांची जमीन दोन्हीकडे असते आणि एकच उतारा जोडला जातो, तेवढं बघा. त्याशिवाय कारखान्याच्या ऊसबिलाच्या पावत्या, दूध डेअरीचा हिशेब, ज्या खात्यात बिल जमा होतं त्याचं स्टेटमेंट. उताऱ्यावर नाव आजोबांचं असलं तरी बिल कुणाच्या खात्यात येतं ते पाहिलं की चित्र स्पष्ट होतं.

आता द्यायची पद्धत. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळावं असा नियम आहे, पण ते हप्त्या-हप्त्याने आणि उशिरा येतं. पाळणाघर मात्र दर महिन्याला पैसे मागतं. म्हणून पहिलं बिल आलं की पाळणाघराच्या बारा महिन्यांच्या वाट्याची रक्कम एकदम वेगळ्या खात्यात टाकायची आणि तिथून महिन्याला वळती करायची. ३,६०० च्या हिशेबाने ४३,२०० होतात. बारा महिन्यांचे जमत नसतील तर निदान पुढच्या बिलापर्यंतचे. डेअरीचे पैसे दर दहा-पंधरा दिवसांनी येत असतील तर पोटगी त्यातून ठेवा. दोन्ही देणी एकाच बिलावर टांगली की पावसाळ्यात मुलाची फी थकते.

शिक्षिका, निपाणी

सुट्ट्यांचं कुणी लिहिलं नाही. कर्नाटकातल्या शाळांना एप्रिलच्या मध्याच्या आसपास सुट्टी लागते आणि मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला शाळा भरते. महाराष्ट्रात जूनचा मध्य उजाडतो. इथे ऑक्टोबरात दसऱ्याची मोठी सुट्टी, तिकडे दिवाळीची. वडील कोल्हापूरकडे असतील तर "सुट्टीत मूल माझ्याकडे" एवढंच लिहून भागत नाही, कुठल्या राज्याची सुट्टी ते लिहा. मूल महिनाभर वडिलांकडे असतं तेव्हा इकडची जागा राखायला पाळणाघर अर्धी किंवा पूर्ण फी घेतं. ती कुणी भरायची, तेही आधीच ठरवा.

बँकेतली, टिळकवाडी

तारखांचा मेळ आधी घाला. कारखान्यात पगार ७ ते १० तारखेला, पाळणाघराला फी ५ च्या आत. आदेशात ५ तारीख लिहायची असेल तर वडिलांनी पहिल्याच महिन्यात दोन महिन्यांची रक्कम भरून एक महिना पुढे राहावं, म्हणजे पुढची ओढाताण थांबते.

पोटगी आणि पाळणाघर एकाच रकमेत पाठवू नका. दोन वेगळे व्यवहार करा. स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावता येते, म्हणजे ठरल्या तारखेला पैसे खात्यातून आपोआप जातात. यूपीआयने पाठवत असाल तर शेऱ्यात "पाळणाघर जून" असं लिहा. रोख देऊच नका. दिली तर सही घ्या. थेट पाळणाघराच्या खात्यात भरणं चांगलं, पण मग पावतीचा फोटो त्याच दिवशी दुसऱ्या पालकाला जायला हवा. फी दोनदा भरली जाते किंवा कुणीच भरत नाही, ती याच फटीतून.

विधी सेवा स्वयंसेविका, बेळगाव तालुका

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. स्त्रिया आणि मुलांना मिळकत न पाहता सरकारकडून वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीत साधा अर्ज करायचा. १५१०० वर फोन करून विचारलं तरी चालतं. दोघांची तयारी असेल तर दावा घालायच्या आधीच लोकअदालतीत तडजोड होते. तिच्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं. म्हणून सही करण्याआधी पाळणाघराची ओळ तपासा.

गावात पंचांसमोर बॉण्डवर "मुलासाठी काही मागणार नाही" असं लिहून घेतात. ताई, असं लिहून दिलं असेल तरी घाबरू नका. पोटगी मुलाचा हक्क आहे, आईच्या सहीने तो जात नाही.

नोटीस कन्नडमध्ये येते. वाचता येत नाही म्हणून बाजूला ठेवू नका. तारीख, वेळ आणि कोर्ट हॉलचा नंबर त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या की. गैरहजर राहिलात तर एकतर्फी आदेश होऊ शकतो. मराठी पावत्या, करारपत्रं यांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुरावा म्हणून द्यायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, नुसती प्रिंट पुरत नाही.

वडगावची आजी

"आजी आहे की घरी, मग खर्च कसला?" असं विचारतात, म्हणून लिहिते. आजीकडे मूल ठेवलं तरी दूध, खाऊ, रिक्षा, औषध लागतंच. त्याचा महिन्याचा आकडा लिहून वाटा मागा. आणि आजीला बरं नसेल त्या दिवसांसाठी पाळणाघर कुठलं, तेही ठरवून ठेवा.

ज्यांच्या कारखान्यात ५० किंवा जास्त कामगार आहेत तिथे पाळणाघराची सोय ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. फी वाटण्याआधी दोघांच्याही कामाच्या जागी ते विचारा.

कोर्टकचेरी, खानापूर

थकबाकीबद्दल खाजगीत विचारणा झाली, उत्तर इथेच देतो. रक्कम ज्या दिवशी देय झाली त्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज हवा, नाहीतर त्या महिन्यासाठी वॉरंटचा रस्ता बंद होतो. म्हणून दोन-तीन महिने थकले की अर्ज करा, वर्ष साचू देऊ नका. वडील महाराष्ट्रात असले तर आदेशाची प्रत घेऊन ते राहतात तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अंमलबजावणी मागता येते, कलम १४७ तेच सांगतं. थकबाकीपायी वडील तुरुंगात गेले म्हणून रक्कम फिटत नाही, देणं तसंच राहतं. फॅमिली कोर्टाच्या आदेशाला आव्हान हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात. तिथे स्थगिती मिळेपर्यंत खालचा आदेश लागू असतो, नुसता अर्ज केला म्हणून फी थांबवता येत नाही. अर्जासोबत महिनावार तक्ता जोडा: देय तारीख, देय रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी. पोटगीचा वेगळा, पाळणाघराचा वेगळा.