राजपूतचं पहिलं युद्ध

आयएनएस राजपूत ही भारतीय युद्धनौका म्हटली की फक्त १९७१ च्या युद्धात बुडालेली पाकिस्तानी पाणबुडी गाझी आठवते. पण १९७१ हे या विनाशिकेचं पहिलं युद्ध नव्हतं! १९४२ साली ती ब्रिटिश नौदलात 'रॉदरहॅम' म्हणून दाखल झाली, पुढे हिंदी महासागरात जपान्यांविरुद्ध लढली. १९४९ मध्ये आपल्याकडे आली. रणजित आणि राणा या विनाशिकाही तिच्याच वर्गातल्या.

१९७१ पर्यंत ती पार म्हातारी झाली होती. तरी गाझीला चकवायला तिला सोंग दिलं ते थेट विमानवाहू नौका विक्रांतचं! विक्रांत अंदमानात, आणि विशाखापट्टणमजवळून राजपूत विमानवाहू नौकेला शोभतील इतके बिनतारी संदेश पाठवतेय. मला तर बॉम्बफेकीपेक्षा हेच डोकेबाज वाटतं. ३-४ डिसेंबरच्या रात्री बंदराबाहेर पडल्यावर तिने पाणबुडीविरोधी बॉम्ब टाकले. गाझी त्यानेच बुडाली, हे मात्र पाकिस्तान आजही मानत नाही.