अलमट्टीचं नाव घेतलं की अफवा कशी काय?

सांगलवाडी_कट्टा: पाणी चढायला लागलं की आमच्या ग्रुपवर दोन मेसेज हमखास फिरतात, एक 'कोयनेचे सगळे दरवाजे उघडले, रात्रीत आयर्विनला ६० फूट' (आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल) आणि दुसरा 'अलमट्टीमुळं आपण बुडतोय' (म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर जे धरण आहे त्याच्या फुगवट्यामुळं), आणि अ‍ॅडमिन दोन्हीवर एकच इशारा टाकतो, अफवा पसरवल्यास गुन्हा दाखल. पहिल्याचं पटतं. पण दुसऱ्याला अफवा म्हणायचं का, आणि ते ठरवणार कोण?

कराडचा_पाव्हणा: पहिला मेसेज तपासता येतो की राव. धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये कळतो, आयर्विनची पातळी फूट-इंचात, इशारा ४० ला, धोका ४५ ला, २०१९ ला ५७ च्या वर गेलेलं. आणि कोयना कृष्णेला मिळती कराडला, वारणा खाली हरिपूरला, मग नुसत्या कोयनेच्या दरवाज्यावरनं सांगलीचा आकडा सांगणारा फेकतोय हे उघड आहे. असल्या मेसेजनं लोकं अर्ध्या रात्री दावणीची जनावरं सोडून पळत सुटतात. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५४ त्याच्यासाठीच आहे, खोट्या इशाऱ्यानं घबराट झाली तर वर्षापर्यंत कैद किंवा दंड. पूर कशामुळं आला यावर भांडणाऱ्याला ते लावायचं कारण नाही.

मिरज_स्टेशन: २०१९ च्या पुरानंतर त्याची कारणं शोधायला सरकारनंच वडनेरे समिती नेमली, तिनं पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. आणि २०२५ ला अलमट्टीची उंची ५१९.६ वरनं ५२४.२५६ मीटर करायचा विषय तापला तेव्हा सगळ्या पक्षांचे पुढारी सांगली बुडणार म्हणून रस्त्यावर! सरकारी कागद तेवढाच खरा धरला तर पहिली नोटीस पुढाऱ्यांनाच जायला पाहिजे 😄

कराडचा_पाव्हणा: @मिरज_स्टेशन नाय ओ, उंची वाढल्यावर काय होईल हा प्रश्न निराळा आणि २०१९ ला काय झालं हा निराळा. तुम्ही एकात एक घालताय.

मिरज_स्टेशन: निराळा आहे, मान्य. पण सभेत ऐकणाऱ्याला कोण सांगतंय निराळा म्हणून?

वकिली_चष्मा: ठरवणारं सरकार नको, एवढं कोर्टानं सांगून झालंय. केंद्राच्या कामकाजाबद्दल खोटं काय ते केंद्राच्याच फॅक्ट चेक युनिटनं ठरवायचं असा आयटी नियम २०२३ ला आला, मुंबई हायकोर्टानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. अमेरिकेतपण त्याच सुमाराला हेलेन वादळात ट्रम्प म्हणत होते मदतीचा पैसा स्थलांतरितांवर उडवला, तिथल्या आपत्ती खात्याला अफवांचं खंडन करायला वेगळं पान काढावं लागलं. खंडन करा, आकडे टाका, दर तासाला टाका. गुन्ह्याची धमकी कशाला?

सांगलवाडी_कट्टा: अ‍ॅडमिनला विचारलं, हा इशारा काढला कुणी. म्हणतोय माहीत नाही, दुसऱ्या ग्रुपवरनं आलेला.